स्टार्टर मोटर (बिघाड आणि तपासणी)

स्टार्टर मोटर हे मोटारगाडीच्या अंतर्ज्वलन इंजिनाला पहिली गती देणारे विद्युत यंत्र आहे. 'सेल्फ-स्टार्टर' या नावाचे लघुरूप होऊन महाराष्ट्रातील गॅरेजांत व बोलीभाषेत ते 'सेल्फ' या नावाने ओळखले जाते. किल्ली फिरवली असता मोटरच्या टोकावरील लहान दंतचक्र, म्हणजे पिनियन, पुढे सरकते, इंजिनाच्या प्रचक्रावर (फ्लायव्हीलवर) बसवलेल्या दातेरी कड्यात गुंतते, इंजिन फिरवते आणि इंजिन सुरू होताच मागे येते. या क्रमातील कोणतीही एक कडी तुटली की इंजिन फिरत नाही. अशा वेळी 'सेल्फ गेला' असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात दोष बॅटरीत, तारांच्या जोडांत, रिलेमध्ये, सोलेनॉइडमध्ये, पिनियनच्या क्लचमध्ये किंवा प्रचक्राच्या कड्यात असू शकतो. दोषाचे ठिकाण निश्चित न करता मोटर बदलल्यास खर्च होतो आणि दोष मात्र तसाच राहतो. या लेखात गुंतण्याच्या क्रियेची रचना, तिच्यातील बिघाडांची लक्षणे आणि तपासणीचा क्रम दिला आहे.

इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी पुढच्या बाजूने लोखंडी हँडल मारून सुरू केल्या जात. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलट झटका देई आणि हँडल धरणाऱ्याचे मनगट वा हात मोडण्याचा धोका असे. अमेरिकेतील ओहायो राज्यातील डेटन येथील अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा व्यवहार्य स्टार्टर तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींवर तो प्रथम मोठ्या प्रमाणावर बसवण्यात आला. केटरिंग यांनी त्यापूर्वी नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत रोकड नोंदवणाऱ्या यंत्रासाठी विजेची मोटर बनवली होती. लहान मोटरीवर थोडाच वेळ, पण तिच्या नेहमीच्या क्षमतेपेक्षा अधिक भार टाकता येतो, हे तत्त्व तेथे वापरले गेले होते. आजची स्टार्टर मोटरही याच तत्त्वावर चालते. ती काही सेकंदांच्या कामासाठी घडवलेली असते, सतत फिरण्यासाठी नव्हे.

मोटर इंजिनाला आपोआप कशी जोडावी आणि इंजिन सुरू झाल्यावर कशी सोडवावी, हा यानंतरचा प्रश्न होता. अमेरिकन संशोधक व्हिन्सेंट बेंडिक्स यांनी पेचदार खाचांच्या दांड्यावर सरकणारे पिनियन प्रचारात आणले. मोटर एकाएकी फिरू लागली की जडत्वामुळे पिनियन मागे राहते, पेचावरून पुढे सरकते आणि कड्यात गुंतते. पुढे सोलेनॉइडने पिनियन ढकलण्याची पद्धत रूढ झाली. तरीही भारतातील कारागीर आजही पिनियन व त्याचा क्लच यांच्या संपूर्ण जोडणीला 'बेंडिक्स' असेच म्हणतात. मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेल्या हिंदुस्थान अँबॅसेडरसारख्या जुन्या गाड्यांना सेल्फबरोबर हँडलचीही सोय होती. आजच्या मोटारींना ती नसते. त्यामुळे सेल्फचा बिघाड म्हणजे गाडी जागेवर उभी राहणे होय.

रचना आणि कार्य

सध्याच्या बहुतेक मोटारींत सोलेनॉइडने पिनियन ढकलणारी मोटर असते. तिचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे आहेत.

मोटर : आर्मेचर, त्याभोवतीची फील्ड कॉइल अथवा कायमचुंबक, दिक्परिवर्तक (कम्युटेटर) आणि त्यावर टेकणारे कार्बन ब्रश. आर्मेचरचा दांडा दोन्ही टोकांना बुशांमध्ये किंवा बेअरिंगमध्ये फिरतो.

सोलेनॉइड : मोटरच्या पाठीवर बसवलेला नळकांड्यासारखा भाग. त्यात लोखंडी दट्ट्या आणि दोन वेटोळी असतात. एक दट्ट्या ओढून घेणारे व दुसरे त्याला धरून ठेवणारे. दट्ट्याच्या एका टोकाला तांब्याची चकती असते. ती बॅटरीची जाड तार आणि मोटर यांना जोडणारा मोठा स्विच म्हणून काम करते.

फोर्क : दट्ट्याची हालचाल पिनियनपर्यंत नेणारा तरफेसारखा दांडा.

एकदिश क्लच आणि पिनियन : क्लचमधील रोलर मोटरची गती पिनियनला देतात, पण पिनियन मोटरपेक्षा वेगाने फिरू लागल्यास ते सुटे होतात.

दातेरी कडे : प्रचक्राच्या परिघावर गरम करून घट्ट बसवलेली पोलादी रिंग. स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत ती टॉर्क कन्व्हर्टरला जोडलेल्या पत्र्याच्या तबकडीवर असते.

किल्ली फिरवली की कमी ताकदीचा प्रवाह रिलेमार्गे सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलवर येतो. जर्मन प्रमाणांकनात या टर्मिनलला ५० हा क्रमांक आहे. बॅटरीकडून येणाऱ्या जाड तारेच्या टर्मिनलला ३० हा क्रमांक आहे. दोन्ही वेटोळी मिळून दट्ट्या ओढतात आणि फोर्क पिनियनला कड्याकडे ढकलतो. ओढणाऱ्या वेटोळ्याचा प्रवाह मोटरमधूनच पुढे जातो, त्यामुळे मोटर हलकीशी फिरते व दाते दात्यांच्या फटींत बसण्यास मदत होते. दाता दात्यावरच आदळला तर मधली स्प्रिंग दबते, दट्ट्या आपला मार्ग पुरा करतो आणि मोटर फिरताक्षणी पिनियन पुढच्या फटीत शिरते. दट्ट्या टोकाला पोहोचला की तांब्याची चकती दोन्ही जाड टर्मिनले जोडते व मोटरला पूर्ण प्रवाह मिळतो. त्याच क्षणी ओढणाऱ्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज येतो, त्यामुळे ते निष्क्रिय होते; पुढे दट्ट्याला धरून ठेवण्याचे काम दुसरे वेटोळे एकटे करते.

पिनियनला साधारणतः दहाच्या आसपास दाते असतात, तर कड्याला शंभराहून अधिक. समजा हे प्रमाण १:१२ आहे. इंजिन सुरू होऊन मिनिटाला ९०० फेरे घेऊ लागले, तर गुंतलेले पिनियन मिनिटाला १०,८०० फेरे घेईल. हाच वेग आर्मेचरला मिळाला तर त्याची वेटोळी उखडून बाहेर येतील. एकदिश क्लच असतो तो या आपत्तीपासून मोटर वाचवण्यासाठी. हाच क्लच झिजला की तो उलट दोष निर्माण करतो : मोटर फिरते, पण इंजिन हलत नाही.

लक्षणे आणि त्यांचा अर्थ

तपासणीचे पहिले साधन म्हणजे कान. किल्ली फिरवल्यावर कोणता आवाज येतो, यावरून दोष कोणत्या कडीत आहे याचा बराच अंदाज येतो. त्यापूर्वी एक भेद लक्षात घ्यावा : इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असेल आणि तरीही सुरू होत नसेल, तर दोष इंधनात, ठिणगीत किंवा अन्यत्र आहे, स्टार्टर मोटरमध्ये नाही. इंजिन नेहमीपेक्षा फार हलके व वेगाने फिरत असल्यास टायमिंग बेल्ट तुटल्याची शक्यता असते. अशा वेळी पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये.

आवाज मुळीच येत नाही. सोलेनॉइडपर्यंत प्रवाह पोहोचत नसावा. बॅटरी पूर्ण उतरलेली असणे, तिचे टर्मिनल सुटलेले असणे, फ्यूज जळणे, रिले निकामी होणे, किल्लीच्या स्विचमधील संपर्क झिजणे, ही नेहमीची कारणे होत. अनेक मोटारींत क्लचचे पेडल पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. पेडलखाली पायपुसणे सरकले तरी हा अडथळा येतो. स्वयंचलित गिअरच्या गाडीत दांडा 'पार्क' अथवा 'न्यूट्रल' स्थितीत असावा लागतो. 'पार्क'मध्ये सेल्फ लागत नसेल व 'न्यूट्रल'मध्ये लागत असेल, तर दोष गिअरच्या स्थितीदर्शक स्विचमध्ये किंवा त्याच्या जुळणीत असतो. काही गाड्यांत चोरीप्रतिबंधक यंत्रणेने किल्ली न ओळखल्यासही सेल्फ अडवला जातो. त्या वेळी डॅशबोर्डवरील किल्लीचे चिन्ह सहसा लुकलुकते.

एकदाच 'खट्' असा आवाज येतो. सोलेनॉइडचा दट्ट्या ओढला गेला आहे, पण मोटर फिरलेली नाही. तांब्याची चकती वा संपर्क जळलेले असणे, कार्बन ब्रश झिजून दिक्परिवर्तकापासून सुटलेले असणे, जाड तारेचा जोड सैल असणे किंवा इंजिनच अडकलेले असणे, यांपैकी एक कारण संभवते.

वेगाने 'टक-टक-टक' असा आवाज येतो. हे बहुधा अशक्त बॅटरीचे किंवा गंजलेल्या जोडाचे लक्षण आहे. दट्ट्या ओढला जातो आणि मोटर प्रवाह मागते, त्यासरशी व्होल्टेज कोसळतो. धरून ठेवणारे वेटोळे दुबळे होऊन दट्ट्या सुटतो. मोटरचा भार जाताच व्होल्टेज पुन्हा वाढतो व दट्ट्या पुन्हा ओढला जातो. हे चक्र सेकंदाला अनेकदा घडते. धरून ठेवणारे वेटोळे तुटलेले असले तरीही असाच आवाज येतो, पण तेव्हा बॅटरी सशक्त असूनही तो थांबत नाही.

मोटर 'घूं' करून मोकळी फिरते, इंजिन स्थिर राहते. न गुंतण्याचा खरा यांत्रिक दोष तो हाच. यात विजेचा भाग शाबूत असतो. एकदिश क्लच घसरत असतो, फोर्क तुटलेला असतो, पिनियन दांड्यावर गंजाने किंवा मळाने अडकलेले असते किंवा कड्याचे दाते त्या जागी उरलेले नसतात. कडे प्रचक्रावरून सुटून स्वतःच फिरणे हेही क्वचित घडते.

'खर्र' असा दातांवर दात घासल्याचा आवाज येतो. पिनियन कड्यापर्यंत पोहोचते, पण नीट गुंतत नाही. मोटरचे बोल्ट सैल असणे, दांड्याचे बुश झिजून पिनियन तिरपे होणे, पिनियनचे वा कड्याचे दाते बोथट होणे किंवा सोलेनॉइडची ओढ अपुरी असणे, ही कारणे होत. हा आवाज येत असताना किल्ली वारंवार फिरवणे म्हणजे कड्याचे उरलेले दाते कातरणे होय. मोटर बदलता येते, पण कडे बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून हे लक्षण दुर्लक्षिल्यास खर्च अनेक पटींनी वाढतो.

इंजिन संथ, ओढत फिरते. बॅटरी, तारांतील रोध, झिजलेल्या बुशांमुळे चुंबकांना घासणारे आर्मेचर किंवा थंडीत घट्ट झालेले वंगणतेल यांचा विचार करावा.

इंजिन सुरू झाल्यावरही मोटर सुटत नाही. सोलेनॉइडचे संपर्क वितळून चिकटले आहेत, किल्ली परत आलेली नाही किंवा रिले अडकला आहे. इंजिन लगेच बंद करावे. त्यानंतरही मोटर फिरत राहिल्यास बॅटरीची ऋण तार सोडवावी, अन्यथा मोटर जळते.

तपासणीचा क्रम

तपासणी सोप्या व बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरू करून अवघड गोष्टींकडे जावी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून व न्यूट्रलमध्ये उभी असावी. साधा बहुमापक (मल्टिमीटर) आणि मदतीला एक व्यक्ती असल्यास बहुतेक दोष गाडीवरून काहीही न उतरवता सापडतात.

१. बॅटरी. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीचा व्होल्टेज पूर्ण भरलेली असताना सुमारे १२.६ असतो, १२.२ म्हणजे ती जवळजवळ निम्मी उतरली आहे आणि १२ च्या खाली ती बहुतांशी रिकामी आहे. तथापि स्थिर व्होल्टेज पुरेसा पुरावा नाही. सेल्फ मारत असताना तो ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. हेडलाइट लावून किल्ली फिरवणे ही साधनाविना करता येणारी चाचणी आहे. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी अशक्त आहे, जोड खराब आहे किंवा इंजिन अडकले आहे. दिव्यांत काहीही फरक पडला नाही तर मोटरला प्रवाह मिळतच नाही.

२. जोड व भूतार. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवरील पांढरा-हिरवा क्षार साफ करावा, जोड आवळावेत. इंजिन व सांगाडा यांना जोडणारी भूतार (अर्थची पट्टी) विसरली जाते; कोकण किनाऱ्यावरील खाऱ्या, दमट हवेत ती गंजून आतून तुटते व बाहेरून मात्र शाबूत दिसते.

३. भाराखालील व्होल्टेज-घट. लहान पेट्रोल गाडीची मोटर सुमारे १०० ते २०० अँपिअर प्रवाह घेते, डिझेल गाडीची त्याहून बराच अधिक. जोडात एका ओहमचा केवळ शंभरावा भाग इतका रोध असला, तरी १५० अँपिअरला तेथे १.५ व्होल्ट वाया जातो. इतका सूक्ष्म रोध साधा बहुमापक रोधाच्या मोजणीत दाखवू शकत नाही, आणि चाचणीचा लहान दिवा अशा जोडावरही लख्ख पेटतो. म्हणून मोजणी सेल्फ मारत असतानाच करावी. बहुमापकाचे एक टोक बॅटरीच्या धन खांबावर व दुसरे मोटरकडे जाणाऱ्या टर्मिनलवर ठेवले असता घट साधारणतः अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नसावी. ऋण खांब व मोटरचे धातूचे अंग यांच्या दरम्यान ती ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत असावी. यापेक्षा जास्त घट आढळल्यास एकेक जोड स्वतंत्र मोजत गेल्याने दोषाची नेमकी जागा मिळते. घट सोलेनॉइडच्या दोन जाड टर्मिनलांमध्येच असेल तर आतील संपर्क जळलेले आहेत.

४. नियंत्रक मंडल. ५० क्रमांकाच्या टर्मिनलवर सेल्फ मारताना जवळजवळ बॅटरीइतकाच व्होल्टेज आला पाहिजे. तो येत नसेल तर दोष मोटरमध्ये नाही. मागे रिले, फ्यूज, क्लचचा स्विच व किल्लीचा स्विच या क्रमाने जावे. फ्यूजपेटीतील तशाच दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून रिले तपासता येतो. व्होल्टेज येत असूनही सोलेनॉइड गप्प असेल तर दोष सोलेनॉइडमध्ये आहे.

५. इंजिन फिरते का? एकदाच 'खट्' होऊन सारे थांबत असल्यास, किल्ली काढून क्रँकच्या पुलीवरील बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवून पाहावे. ते फिरत नसल्यास दोष स्टार्टरचा नाही.

६. कड्याची जागा. इंजिन थांबताना शेवटी कोणत्या तरी दट्ट्याच्या दाबापाशी अडते, त्यामुळे ते नेहमी ठरावीक जागीच थांबते. चार सिलिंडरच्या इंजिनात कड्यावर अशा समोरासमोरच्या दोन जागा असतात. तीन व सहा सिलिंडरच्या इंजिनात तीन. पिनियन दर वेळी तेथेच आदळत असल्याने तेथील दाते आधी झिजतात. म्हणून सेल्फ कधी पकडतो व कधी पकडत नाही अशी तक्रार असल्यास, किल्ली बंद ठेवून हाताच्या गिअरची गाडी वरच्या गिअरमध्ये घालावी आणि थोडी पुढे-मागे ढकलावी, नंतर न्यूट्रलमध्ये आणून सेल्फ मारावा. आता तो लगेच पकडत असेल, तर दोष बहुधा कड्याच्या त्या जागी आहे आणि नवी मोटर बसवून तो जाणार नाही. मोटर उतरवल्यावर तिच्या भोकातून इंजिन हाताने हळूहळू फिरवत सर्व दाते टॉर्चच्या प्रकाशात पाहता येतात.

उतरवलेल्या मोटरची तपासणी

मोटर उतरवण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी व जोडताना ती शेवटी जोडावी. धन तार जोडलेली असताना पाना सांगाड्याला लागला तर शेकडो अँपिअर प्रवाहाची ठिणगी पडते. ऋण तार सुटलेली असल्यास हा धोका राहत नाही.

सोलेनॉइडची चाचणी मोटरकडे जाणारी जाड जोडतार सोडवून करतात. बॅटरीचे धन टोक ५० क्रमांकाच्या टर्मिनलला व ऋण टोक मोटरकडील टर्मिनल आणि मोटरचे अंग या दोहोंना जोडले असता पिनियन झटक्याने बाहेर आले पाहिजे. न आल्यास ओढणारे वेटोळे किंवा दट्ट्या सदोष आहे. आता मोटरकडील टर्मिनलची तार काढली तरी पिनियन बाहेरच राहिले पाहिजे. ते आत गेल्यास धरणारे वेटोळे तुटलेले आहे. शेवटी अंगाची तार काढताच पिनियन परत गेले पाहिजे. न गेल्यास स्प्रिंग थकली आहे किंवा दट्ट्या अडतो आहे. प्रत्येक पायरी ३ ते ५ सेकंदांत उरकावी, अन्यथा वेटोळे तापून जळते.

एकदिश क्लच हाताने तपासता येतो. पिनियन एका दिशेने सहज फिरावे व दुसऱ्या दिशेने लगेच अडावे. दोन्ही दिशांनी फिरत असल्यास किंवा अडण्यापूर्वी घसरत असल्यास तो बदलावा. क्लच पेट्रोल वा रॉकेलमध्ये बुडवून धुऊ नये; आतले वंगण निघून गेल्याने चांगला क्लचही लवकर निकामी होतो. दांड्यावरील पेचदार खाचा मात्र पुसून स्वच्छ कराव्यात. जडत्वावर चालणाऱ्या जुन्या बेंडिक्सच्या पेचावर जाड ग्रीस लावू नये, कारण त्याला धूळ चिकटते व पिनियन सरकेनासे होते.

कार्बन ब्रश उत्पादकाने दिलेल्या किमान लांबीपेक्षा झिजले असल्यास बदलावेत. बुशांमध्ये दांडा हलत असेल तर केवळ ब्रश बदलून भागत नाही. आर्मेचर चुंबकांना घासत राहते. ब्रश, बुश, सोलेनॉइड व बेंडिक्स हे भाग बहुतेक मोटरींसाठी सुटे मिळतात, त्यामुळे आर्मेचर व फील्ड शाबूत असल्यास जुनी मोटर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून घेणे शक्य असते.

पाण्यात बुडालेली गाडी

पुराच्या वा तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीचा सेल्फ एकदाच 'खट्' करून अडला, तर तो बिघडला आहे असे गृहीत धरू नये. हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे इंजिन अडते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा प्रसंगी बॅटरी बदलून वा दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून जोराने सेल्फ मारल्यास इंजिनाचा कनेक्टिंग रॉड वाकतो आणि वाचू शकणारे इंजिन निकामी होते. योग्य मार्ग म्हणजे किल्ली न फिरवता गाडी ओढून नेणे, पेट्रोल इंजिनाचे स्पार्क प्लग किंवा डिझेल इंजिनाचे ग्लो प्लग वा इंजेक्टर काढणे आणि इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढणे. स्टार्टर मोटर सहसा इंजिनाच्या खालच्या अंगाला असल्याने तिच्यातही गाळ शिरतो; ती उतरवून साफ केल्याशिवाय पिनियनवर विश्वास ठेवू नये.

तात्पुरते उपाय व दक्षता

मोटरच्या अंगावर लाकडी दांड्याने हलके ठोकल्यास अडकलेले ब्रश वा दट्ट्या काही वेळा सुटतो. हा उपाय नसून निदान आहे. त्यानंतर सेल्फ लागला तर मोटर लवकर उतरवून घ्यावी. कायमचुंबकाच्या मोटरीवर हातोडी मारल्यास आतील ठिसूळ चुंबक फुटतात.

धक्का देऊन गाडी सुरू करणे हाताच्या गिअरच्या गाडीतच शक्य असते. स्वयंचलित गिअरच्या गाडीला धक्का देऊन उपयोग नाही.

सोलेनॉइडची दोन टर्मिनले स्क्रूड्रायव्हरने जोडून सेल्फ मारण्याची पद्धत रस्त्यावर सर्रास वापरली जाते. यात क्लचचा व गिअरचा सुरक्षा-स्विच वगळला जातो. गाडी गिअरमध्ये राहिली असेल, तर ती त्याच क्षणी पुढे उसळते आणि समोर किंवा खाली असलेल्या माणसाच्या अंगावर येते. बॅटरीजवळ ठिणगी पडल्यास तिच्यातून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेऊ शकतो. त्यामुळे ही पद्धत टाळावी. गाडीखाली काम करताना केवळ जॅकवर विसंबू नये, भक्कम आधार लावावेत.

सेल्फ एका वेळी सुमारे १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये व दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे. इंजिन सुरू होताच किल्ली सोडावी, आणि इंजिन पूर्ण थांबल्याशिवाय पुन्हा फिरवू नये. फिरत्या कड्यावर पिनियन आदळल्याने दोहोंचे दाते तुटतात.

संज्ञा

विश्वकोशीय मराठीत व गॅरेजच्या बोलीत या विषयाची दोन वेगळी शब्दभांडारे आहेत. कारागिराशी बोलताना दुसरी उपयोगी पडते.

स्टार्टर मोटर : सेल्फ
पिनियन व एकदिश क्लच : बेंडिक्स
दातेरी कडे : रिंग, फ्लायव्हीलची रिंग
कार्बन ब्रश : कार्बन
भूतार : अर्थ
मोटर फिरणे पण इंजिन न फिरणे : सेल्फ नुसता फिरतो, पकडत नाही
इंजिन न फिरणे : सेल्फ उचलत नाही

तक्रार सांगताना 'सेल्फ खराब आहे' असे न म्हणता आवाज कोणता येतो, दिवे मंदावतात का, आणि गाडी थोडी ढकलल्यावर फरक पडतो का, एवढ्या तीन गोष्टी सांगितल्यास निदान लवकर होते.

हे सुद्धा पहा

अंतर्ज्वलन इंजिन
शिसे-आम्ल बॅटरी
प्रचक्र
दंतचक्र
चार्ल्स केटरिंग
हिंदुस्थान अँबॅसेडर